धावत आलेले वाचक

मोठी माणसं वाचनालयात शिरताना आवाज बाहेर ठेवून येतात. मुलांना ते जमत नाही, कारण त्यांचा आवाज त्यांच्या अंगातच मुरलेला असतो. पायऱ्या चढताना ती उड्या मारतात, दारातूनच ओरडून विचारतात, ‘‘काकू, माकडाचं पुस्तक परत आलं?’’ प्रश्न साऱ्या दालनात घुमतो. तिरक्या टेबलांशी वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबा मान वर करतात आणि बरोबर आलेल्या आईचा हात आपसूक मुलाच्या खांद्यावर जातो.

माझा थोरला पहिलीत आहे, धाकटी अजून बालवाडीत. शनिवारी संध्याकाळी त्यांना घेऊन मी आमच्या नगर वाचनालयात जाते. बालविभाग म्हणजे मागच्या बाजूची एक खोली. खाली सतरंजी, भिंतीला लागून बुटकी कपाटं, त्यांना कुलूप नाही. मुलांनी हवं ते पुस्तक हातानं काढावं, नको असेल तर ठेवून द्यावं. या खोलीत बसून मी मुलांचं वाचन पाहत आले आणि वाचन म्हणजे काय ते नव्यानं शिकत गेले.

थोरला पुस्तक उभ्यानंच उघडतो. दोन पानांनी खाली बसतो, आणखी दोन पानांनी पालथा होतो. गोष्टीत कुणी पळायला लागलं की याचे पाय हवेत चालू लागतात. धाकटीला अक्षर येत नाही, पण ती चित्रातल्या कोंबडीला नावानं हाक मारते. पान उलटलं आणि कोंबडी दिसेनाशी झाली की ती घाईनं मागचं पान उघडते, कोंबडी जागेवर आहे याची खात्री करून घेते आणि मगच पुढे जाते. एक पुस्तक अर्धं टाकून दुसरं, तिथून खिडकीशी, खिडकीतून पुन्हा पहिल्याच पुस्तकाकडे. वरवर पाहणाऱ्याला हा नुसता धुडगूस वाटेल. पण या वयात गोष्ट नुसत्या डोळ्यांनी आत जात नाही, ती हातापायांतूनही शिरते. मुलांची हालचाल हा त्यांच्या वाचनाचाच भाग आहे.

आणि त्या बुटक्या कपाटांत आहे तरी कोण? ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्यांचीच चिंगी. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, सायकल हाणत संकटाच्या तोंडी जाणारा फुरसुंगीचा फास्टर फेणे. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रांतली, घरभर वावरणारी, प्रश्न विचारून मोठ्यांना दमवणारी मुलं. मराठीनं आपल्या मुलांसाठी जी लाडकी माणसं घडवली त्यांतलं बहुतेक कुणी एका जागी स्वस्थ बसणारं नाही. या लेखकांना मूल ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याच्या धडपडीला पुस्तकात मानाची जागा दिली. मग जे कपाट अशा खटपट्या मुलांनी भरलेलं आहे, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या जित्याजागत्या मुलाला आपण कोणत्या तोंडानं उपरं ठरवायचं?

वाचक कुणाला म्हणायचं, याचं उत्तर शि. रा. रंगनाथनांनी देऊन ठेवलं आहे. ते मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं दुसरं सूत्र सांगतं की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरं सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्या ‘प्रत्येक’ शब्दाशी मी नेहमी थांबते. वाचता न येणारी बालवाडीतली मुलगी त्यात येते, पाच मिनिटांवर न टिकणारा मुलगाही येतो. आधी शांत हो आणि मग वाचक हो, अशी अट रंगनाथनांनी कुठे घातलेली नाही.

त्यांच्याही आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी हे ओळखलं होतं. 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून त्यांनी संस्थानात वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या आणि मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. सक्तीचं प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू करणाऱ्या राजाला पुढची पायरी दिसत होती. शाळा अक्षर देईल, पण त्या अक्षराला रोजचं खाद्य हवं, आणि ते लहानपणापासून हवं.

वाचनालयात मुलाला मिळणारी आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. देवघेवीच्या टेबलाशी थोरला टाचा उंचावून उभा राहतो. ग्रंथपाल काकू त्याला विचारतात, ‘‘कसं होतं रे पुस्तक?’’ तो सगळी गोष्ट सांगू लागतो आणि मागच्या रांगेतले लोक ऐकत थांबतात. पण लाडकं पुस्तक परत देताना त्याचा चेहरा उतरतो. ‘‘आपल्याकडेच ठेवूया ना, आई.’’ मी म्हणते, दुसरं कुणी तरी याची वाट पाहत असेल. पुढच्या शनिवारी कपाटात त्या पुस्तकाची जागा रिकामी दिसली तेव्हा तो रुसला नाही. कुणी नेलं असेल, त्याला वाघाचं पान आवडलं असेल का, असं बराच वेळ विचारत राहिला. आपल्याला न दिसणाऱ्या, न भेटलेल्या एका मुलाचा विचार त्याच्या मनात आला होता. दुकानातून आणलेलं पुस्तक त्याचं एकट्याचं असतं. वाचनालयाचं पुस्तक सगळ्या गावाचं असतं आणि काही दिवस तेच पूर्णपणे त्याचं असतं. नागरिकपणाचा पहिला धडा मुलाला याहून सोपा कुठे मिळेल?

शांततेचंही मोल मी जाणते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या घरी पुष्कळदा एकच खोली असते. त्यांची शांतता कुणी मोडू नये. म्हणून मुलांना स्वतंत्र खोली हवी, दार लावता येणारी. खोली नसेल तर आठवड्यातला एखादा तास हवा. आणि तिथे मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवणारं कुणी तरी हवं. हा अनुभव मी पुन्हा पुन्हा घेतला आहे. गलका टिपेला पोचलेला असतो. एखादी आजी पुस्तक उघडून वाचू लागते. दोघं ऐकतात, बाकीच्यांची ढकलाढकली चालूच असते. गोष्टीत विहिरीशी काही तरी हललं की एकेक मूल सरकत जवळ येतं आणि काही क्षण कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नाही. भिंतीवरच्या पाटीनं जे साधत नाही ते गोष्टीनं साधतं. ही शांतता मुलांच्या आतून उगवलेली असते, म्हणून ती मोठेपणीही त्यांच्यासोबत राहते.

आपल्याकडे वाचनालयांच्या परंपरेची मुळं खोल आहेत. रत्नागिरीचं वाचनालय 1828 मधलं, नाशिकचं 1840 मधलं, पुण्याचं 1848 मधलं. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला आणि आज राज्यात दहा हजारांहून अधिक शासनमान्य वाचनालयं आहेत. इतकी दारं आपल्या मुलांसाठी उघडी असू शकतात. त्यासाठी फार पैसा लागत नाही. कपाटं बुटकी करावीत, कुलपं काढावीत, फाटलेली पुस्तकं चिकटवून पुन्हा मांडावीत, नवी आणताना मुलांना विचारावं. पुस्तक फाटेल या भीतीनं ते कपाटात जपून ठेवण्यापेक्षा वाचून वाचून फाटलेलं बरं.

आणि आपण आईबापांनी मूल शहाणं, शांत होण्याची वाट पाहू नये. ते तसं होईल तेव्हा त्याच्या संध्याकाळी क्लासनं, मोबाईलनं केव्हाच वाटून घेतलेल्या असतील. आत्ता ते धावतंय, आत्ता त्याला सगळं हवंय, आत्ता ते आपलं बोट धरून कुठेही यायला तयार आहे. म्हणून त्याला आत्ताच न्यायला हवं, आहे तसं, त्याच्या साऱ्या आवाजासकट.