ब्रन आणि ब्रंच

पहिला पगार हाती पडताच आमच्या कन्येने फर्मान काढले, "बाबा, रविवारी ब्रंचला जायचं!"

ब्रंच म्हणजे ब्रेकफास्ट आणि लंच यांचा संकर. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजाने त्याची छापील वकिली केली. आमच्या घरात मात्र ठाऊक होता तो ब्रन. इराण्याचा, कडक, चहात बुडवायचा!

मुंबईत काळ्या घोड्यापाशी उतरलो. मूळ घोडा, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट, १९६५ साली राणीच्या बागेत गेला; आताचा २०१७ सालचा, बिनस्वाराचा. मागच्या गल्लीतल्या कॅफेत टेबलासाठी अर्धा तास तिष्ठलो. मग दरपत्रक आले. पावाच्या भाजलेल्या चकतीवर अव्होकाडोचा लगदा, वर अर्धेकच्चे अंडे, आणि किंमत! माझा हात नकळत खिशाकडे गेला.

"बाबा, आज बिल तुम्ही बघायचं नाही."

एकदम धोबीतलावचे, १९०४ सालचे कयानी आठवले. माझ्या पहिल्या पगाराला मी वडिलांना तेथे नेले होते. मी आम्लेट मागवू लागलो, तर दराकडे पाहत ते म्हणाले, "मला भूक नाही रे. चहा पुरे." मी हिरमुसलो. पुन्हा त्यांना कोठे नेण्याचा योग आलाच नाही.

तेच वाक्य आता माझ्या ओठांवर आले होते. पाण्याच्या घोटाबरोबर ते गिळले नि म्हणालो, "बाळ, दोन मागव. सडकून भूक लागलीय!"