जवाईबापू, तुमी कोन्या काठाचे?

मध्य प्रदेशात मराठी गावं आहेत, हे आपल्या मंडळातल्या अनेकांना ठाऊक नसतं. माझी सासुरवाडी अशाच एका गावातली. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौसरच्या अलीकडे बोरगाव लागतं. कारखाने, संत्र्याच्या बागा, दुकानांवर हिंदी पाट्या आणि घरात मराठी. १९५६ साली विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये सौसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला.

मी पुण्यात वाढलो, नोकरी बंगळुरूत. पोळा मला चित्रातलाच माहीत. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळून त्यांना जेवणाचं आवतन देतात, हे मी बोरगावात पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सजलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या, झडत्या सुरू झाल्या. भाषा आपलीच, पण लोक कुठे हसतात ते मला दर वेळी बायकोला विचारावं लागत होतं. आमच्या पाच वर्षांच्या मुलाला असली अडचण नव्हती. पाडव्याला, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, तो लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा गोळा करायला निघालासुद्धा.

त्याच दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. मुलाला आजीपाशी ठेवून आम्ही साळ्याबरोबर गेलो. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात. सांगतात ते असं, की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला पळवून नेत असताना दोघं नदीत गाठले गेले आणि दोन्हीकडून दगड सुरू झाले. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोक गोट्यांवरच परतले.

मावससासूबाईंच्या गच्चीवरून नदी दिसते. तिथे जमलेल्या पाहुण्यांनी मला हसत विचारलं, "जवाईबापू, तुमी कोन्या काठाचे?" मला उत्तर देता येईना. खाली ढोल, आरोळ्या, डोकी धरून बाहेर येणारी पोरं. भोवतालचे लोक ओरडत होते, आणि मला मात्र खाली कोणाचा तरी मुलगा आहे एवढंच दिसत होतं. मी खाली उतरलो.

मावशी स्वयंपाकघरात एकट्या होत्या. त्यांचं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. मुलगा या काठावर, भाचे त्या काठावर. "मी चाळीस वर्सं झाली, ह्या दिवशी गच्चीवर गेली नाही," त्या म्हणाल्या. हे बंद व्हावं असं वाटत नाही का, असं विचारलं. "वाटते नं. पन मी म्हनलं तं कोन आयकते? सन आहे आमचा." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमी इचारलं, हे बरं केलं."

मी इथे परका होतो, म्हणून विचारू शकलो. पण त्या दिवशी मावशींनाही बसायला स्वयंपाकघराखेरीज जागा नव्हती. सण आपला असूनही माणूस त्यात असा एकटा पडू शकतो, हे मला गच्चीवरून कळलं नसतं.

संध्याकाळी त्यांचा मुलगा कपाळाला पट्टी बांधून आला. मावशींनी काही न बोलता त्याला वाढलं. थोड्या वेळाने सावरगावच्या भाच्याचा फोन आला : तोही धड घरी पोचला होता. तेव्हा कुठे त्यांनी स्वतःचं ताट घेतलं.