पिक्विकचा लठ्ठ पोरगा आणि एक थकवा

साहित्याने वैद्यकाला एक नाव दिले, आणि नकळत एक पूर्वग्रहही. डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स'मधला (१८३६-३७) जो हा लठ्ठ, सदा पेंगणारा पोरगा. त्याच्यावरून १९५६ मध्ये 'पिक्विकियन सिंड्रोम' ही संज्ञा आली. झोपेत श्वास अडणारा माणूस लठ्ठच असणार, हे चित्र तेव्हापासून मनात बसले.

मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण या चित्रात बसेलच असे नाही. या आजारात चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण नष्ट होते. इजा मस्तिष्कस्तंभात असेल, तर घशाच्या स्नायूंवरचे नियंत्रण आणि श्वासाची लयही बिघडू शकते. आमच्या एक सहकारी प्राध्यापिका अगदी कृश. त्यांचा थकवा वर्षानुवर्षे मूळ आजाराच्याच खाती मांडला गेला. निद्राचाचणीत मात्र श्वास १० सेकंदांहून अधिक काळ, पुन:पुन्हा थांबत असल्याचे आढळले. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सीपॅपचा उपाय, म्हणजे मुखवट्यातून हवेचा अखंड दाब, त्यांना लागू पडला. बोटे बधिर असल्याने मुखवट्याचे पट्टे यजमान बांधून देतात. मूळ आजार आहे तिथेच आहे, थकवाही पुरता गेलेला नाही. पण दुपारचा तास त्या पुन्हा घेऊ लागल्या आहेत.

एक अर्थ लागला म्हणून संहिता मिटू नये, असे आम्ही वर्गात सांगतो. निदानालाही ते लागू आहे.