आमच्या संगणकाच्या मॅडम

माण तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात संगणक आले ते सरकारच्या आयसीटी योजनेतून. त्यांच्या मागोमाग कंत्राटी नेमणुकीवर मॅडम आल्या. आज मी मराठी टंकून, तपासून, लिहून पोट भरते, त्याची सुरुवात त्यांच्या तासाला झाली. हे ऋण फिटायचं नाही, पण कागदावर तरी यावं.

दुसऱ्या शाळांतल्या मैत्रिणी संगणकाच्या तासाला पेंटमध्ये घर आणि डोंगर रंगवायच्या. आमच्याकडे पहिल्यापासून मराठी. मॅडमनी इन्स्क्रिप्ट शिकवलं. 1991 साली भारतीय मानक ब्युरोने प्रमाणित केलेली ही मांडणी वर्णमालेच्याच शिस्तीवर उभी आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’ची कळ शिफ्ट धरून दाबली की ‘ख’, ‘ग’ची दाबली की ‘घ’, ‘त’ची दाबली की ‘थ’. पहिलीत पाठ केलेलं सगळं इथे कामाला येत होतं. इंग्रजीला बिचकणारी आमची पोरं त्यामुळेच त्या खोलीत धिटाईने बसली, असं मला आजही वाटतं.

भारनियमन पाचवीला पुजलेलं. मॅडमनी प्रत्येकाकडून कार्डशीटवर कीबोर्ड काढून घेतला होता. वीज गेली की व्हरांड्यात मांडी घालून त्या कागदी कळांवर सराव चालायचा.

एकदा त्यांनी फळ्यावर ‘विद्यार्थी’ लिहिलं आणि पहिली कळ कुठली ते विचारलं. सगळे ओरडले, “पहिली वेलांटी!” हाताने लिहिताना तीच आधी येते ना. “आता तोंडाने म्हणा बघू,” मॅडम म्हणाल्या. तोंडात ‘व’ आधी आला. रफाराचंही तसंच. हात तो शेवटी ‘थी’च्या डोक्यावर देतो, पण उच्चारात ‘र’ पुढे असतो आणि संगणकाला उच्चाराचा क्रम लागतो. मग सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला: व, पहिली वेलांटी, द, पाय मोड, य, काना, र, पाय मोड, थ, दुसरी वेलांटी. जोडाक्षर आतून कसं बांधलेलं असतं ते मला व्याकरणाच्या पुस्तकाआधी या कळांनी दाखवलं. मुद्रितं तपासताना अजूनही बोटांत तोच क्रम असतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी कधी बोलून शिकवली नाही. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की त्या सरळ खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. शिक्षक असूनही. दहावीच्या वयात एवढा मान आम्हाला दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

योजनेची मुदत संपली, तशी त्यांची नेमणूकही संपली. संगणक खोलीला कुलूप लागलं. इतक्या कसलेल्या शिक्षिकेला मुलांपासून तोडणं हा अन्याय होता, आणि तो अनेक शाळांत झाला.

आता तालुक्याच्या गावी त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान आहे. मी गेले तेव्हा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एक मुलगी आली होती. मॅडमनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. “तूच भर गं. अडलीस तर सांगते.” ओटीपी आला, तेव्हा त्या माझ्याकडे वळून माझ्या आईची तब्येत विचारू लागल्या. मुलीने अर्ज स्वतःच पुरा केला. मॅडमनी तिच्याकडून प्रिंटचे तेवढे पैसे घेतले.