वहीत नाव लागणं

कोलोनला आले तेव्हा पहिलं काम होतं पत्ता नोंदवणं. त्यासाठी दोन आठवड्यांची मुदत. घरमालकाच्या सहीचं पत्र घेऊन पालिकेच्या कचेरीत गेले, दहा मिनिटांत कागद हातात पडला. लगेच अण्णांना फोन केला, "लागलं माझं नाव इथं!"

नाव लागलं होतं, पण रहिवासी म्हणून. नागरिक म्हणून नाही. हा फरक इथे किती जुना आहे, ते पुढे शहराच्या इतिहासाबद्दल वाचताना कळलं.

जर्मन भाषक शहरांत पूर्वी 'ब्युर्गरबूख' असायचं, म्हणजे नागरिकांची वही. शहरात राहणारा प्रत्येक माणूस त्या वहीत नसे. बाहेरून आलेल्याने फी भरायची, शहराशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची, काही शहरांत हमीदारही आणायचा. मग लेखनिक त्याचं नाव चढवणार. फ्रँकफुर्टच्या अशा नोंदी १३११पासून मिळतात. कोलोनच्या १३५६पासून सुरू होतात आणि १७९८ला थांबतात, कारण तोवर शहर फ्रेंचांच्या ताब्यात गेलं होतं आणि जुनी व्यवस्था मोडीत निघाली होती.

नाव लागलं की हक्क मिळत, जबाबदाऱ्याही येत. कोलोनमध्ये १३९६नंतर नागरिकाला बावीसपैकी एका 'गाफेल'चं सभासद व्हावं लागे. हे गाफेल म्हणजे व्यापारी-कारागिरांचे गट. नगरसभेवर माणसं तेच निवडून पाठवत.

आणि ज्यांचं नाव नाही ते? तेही त्याच गल्ल्यांत राहत. मोलकरणी, गडी, रोजंदारीवरची माणसं. जर्मनमध्ये त्यांच्यातल्या काहींना 'बायझासे' म्हणत, शेजारी बसलेला अशा अर्थाचा शब्द. राहायची परवानगी असलेला, पण कारभारात ज्याला आवाज नाही असा. ज्यूंना तर कोलोनने १४२४ला शहराबाहेरच काढलं. पुढची पावणेचारशे वर्षं त्यांना तिथे वस्ती करता आली नाही. म्हणजे वही वाचताना जितकं लक्ष लिहिलेल्या नावांकडे द्यायचं, तितकंच न लिहिलेल्यांकडेही.

हे वाचताना मला माझंच हसू आलं. सात वर्षं मी या शहरात कर भरतेय, ट्रामचा पास काढतेय, घराखालच्या बेकरीवाल्या काकूंशी पावसाबद्दल बोलतेय. निवडणूक आली की खांबाखांबावर उमेदवारांचे फोटो लागतात, मी वाचते आणि पुढे जाते. इथे मला मत नाही. भारतात आहे, पण ते द्यायला स्वतः मिरजेला जावं लागतं. राहते तिथे आवाज नाही, आवाज आहे तिथे राहत नाही.

जून २०२४पासून जर्मनीने नागरिकत्वाची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली. आधीचं नागरिकत्व सोडायची सक्तीही काढली. पण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन झाले की भारतीय पासपोर्ट परत करायचा. फी आहे २५५ युरो, आणि प्रमाणपत्र हातात देण्याआधी राज्यघटनेचा आदर करीन असं सगळ्यांसमोर म्हणायचं. फी आणि शपथ, दोन्ही अजून तशीच.

अण्णांना सांगितलं तर थोडा वेळ गप्प राहिले.

"म्हणजे तिकडं नाव लागलं की इकडचं कटणार?"

"मतदार यादीतलं जाईल, अण्णा. घरातलं कसं जाईल?"

"मग यादीत असून तरी आत्ता कुठं येतीयास मत द्यायला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्या रात्री जुन्या नोंदींच्या छापील यादीतली पानं पुन्हा चाळली. पुष्कळ नावांपुढे गावाचं नाव होतं. माणूस शपथ घेऊन कोलोनचा झाला, तरी लेखनिकाने तो कुठून आला ते खोडलं नव्हतं. उलट त्याच्यावरूनच त्याला ओळखलं होतं.

काल अर्ज भरला. तिसऱ्या-चौथ्या रकान्यात जन्मगाव विचारलं होतं. 'मिरज' लिहिलं. रोमन अक्षरांत ते जरा परकं दिसलं, म्हणून पेन थांबलं. मग पुढे भरत गेले. फोटो काढून अण्णांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला असणार, कारण उत्तर आलं ते एवढंच: "गावाचं नाव बरोबर लिवलंयस."