प्लास्टिकवर अडलेली चर्चा

संपादकांचं म्हणणं असं की, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घरात पिस्तूल ठेवावं का आणि ठेवायचं तर कोणतं, हा विषय आता जेवणाच्या टेबलावर निघू लागला आहे. तेव्हा शस्त्रांच्या अभ्यासकाने पूर्ण आकाराच्या पॉलिमर पिस्तुलांबद्दल लिहावं आणि सोपं लिहावं. सोपेपणाची अट मी शेवटपर्यंत पाळीन याची खात्री नाही. या विषयात सोपं करून सांगितलेल्या गोष्टींनीच सर्वांत जास्त घोळ घातला आहे, आणि त्यातला पहिला घोळ प्लास्टिकचा. गिऱ्हाईक दुकानात जाऊन विचारतं ते प्लास्टिक टिकेल का, वितळेल का, विमानतळावर यंत्राला दिसेल का. यातला एकही प्रश्न घरासाठी शस्त्र निवडताना महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा आहे तो चाप, आणि त्याहून महत्त्वाची आहे ते शस्त्र ठेवायची पेटी.

प्लास्टिकचा हिशेब आधी उरकून टाकतो. पॉलिमरची फ्रेम असलेलं पहिलं पिस्तूल जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने १९७० साली आणलं. ते फारसं चाललं नाही. ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांनी सैन्यासाठी बनवलेलं ग्लॉक १७ हे १९८२ मध्ये ऑस्ट्रियन लष्कराने स्वीकारलं आणि पुढच्या दोन दशकांत जगभरच्या पोलीसदलांचा कमरपट्टा बदलला. प्लास्टिकची असते ती मुख्यतः मूठ आणि तिला जोडलेली चौकट. नळी पोलादी, वरची सरकणारी स्लाइड पोलादी, आणि चौकटीत ती ज्यावर धावते त्या पट्ट्याही पोलादीच. वजनाचा मोठा वाटा धातूचाच असतो. तरीही १९९० सालच्या ‘डाय हार्ड २’ या चित्रपटात एक्स-रेला न दिसणाऱ्या चिनीमातीच्या ग्लॉकचा संवाद आला आणि तो लोकांच्या डोक्यात कायमचा बसला. असं पिस्तूल कधीच नव्हतं. अमेरिकी काँग्रेसने १९८८ मध्येच न सापडणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली होती, आणि ग्लॉकला त्या कायद्याचा कसलाच त्रास झाला नाही.

पॉलिमरचा खरा फायदा वजनाचा. रिकाम्या मॅगझिनसकट ग्लॉक १७ सुमारे ७०० ग्रॅम भरतं, जुनं पोलादी ‘१९११’ मॉडेलचं पिस्तूल ११०० ग्रॅमच्या आसपास. दिवसभर कमरेला शस्त्र बांधून फिरणाऱ्या शिपायाला ही ४०० ग्रॅमची सूट म्हणजे मोठी गोष्ट. घरातलं पिस्तूल मात्र कोणाच्या कमरेला नसतं, ते पेटीत पडून असतं. म्हणजे ज्या गुणासाठी पॉलिमर आलं तो गुण घरात वाया जातो, आणि त्याची किंमत मात्र गोळी झाडताना मोजावी लागते. ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटते. मागून निघणारा वायू धरला तर एकूण संवेग साधारण ३ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. भरलेलं पॉलिमर पिस्तूल ९०० ग्रॅमचं धरलं तर ते सेकंदाला ३.३ मीटर वेगाने हातावर येतं, १२०० ग्रॅमचं पोलादी २.५ मीटरने, आणि ६०० ग्रॅमचं, खिशात मावणारं छोटं पिस्तूल तब्बल ५ मीटरने. ऊर्जेत मांडलं तर अनुक्रमे ५, पावणेचार आणि साडेसात ज्यूल. पॉलिमर लवचीक असल्यामुळे धक्का गिळून टाकतं, असं विक्रेते सांगतात. लवचीकपणामुळे धक्क्याचा काळ किंचित लांबतो आणि हाताला तो थोडा बोथट लागतो, इतपत ठीक आहे. संवेग कुठे नाहीसा होत नाही.

याच आकड्यांत पूर्ण आकाराची बाजूही दिसते. पिस्तूल लपवायचं नसेल तर ते छोटं घेण्याचं कारण उरत नाही. ‘लांब नळी म्हणजे अचूक नेम’ हे जे सांगितलं जातं ते मात्र घरापुरतं फुगवलेलं आहे. ग्लॉक १७ च्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर १६५ मिलिमीटर, लहानग्या ग्लॉक ४३ मधलं सुमारे १३२. पुढची साइट १ मिलिमीटरने चुकली तर दिवाणखान्याच्या ७ मीटर अंतरावर पहिल्याची गोळी ४२ मिलिमीटरने भरकटते, दुसऱ्याची ५३ ने. फरक जेमतेम सेंटीमीटरभराचा. खरा फरक मुठीत आहे. पूर्ण मुठीवर करंगळीसकट तिन्ही बोटं बसतात, दुसरा हात त्यांच्यावर आवळता येतो आणि धक्क्यानंतर नळी लवकर खाली येते. कमी सराव असलेल्या माणसाला हा आधार सर्वांत जास्त लागतो, आणि घरासाठी पिस्तूल घेणारे बहुतेक लोक याच वर्गातले असतात. रायफलीला पन्नास गोष्टी लटकवाव्यात तसं पिस्तूलही सजवण्याची हौस अलीकडे वाढली आहे. त्यातल्या एका दिव्याचं मी समर्थन करीन, कारण अंधारात समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय गोळी झाडणं हा गुन्हा ठरू शकतो. पण दिव्यासाठी पिस्तूल रोखावं लागू नये. वेगळा हातदिवा हवाच.

काडतुसावर मी फार शाई खर्च करणार नाही. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत दोन गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. दोष ९ मिमीच्या गोळीवर ठेवला गेला, त्यातून चाचणीच्या जिलेटीनमध्ये १२ ते १८ इंच शिरकावाची कसोटी आली, एफबीआय आधी १० मिमी आणि मग .४० कडे गेली, आणि गोळीची रचना सुधारल्यावर गेल्या दशकात पुन्हा ९ मिमीवर परतली. वाद तिथेच संपायला हवा होता. घरासाठी उरतो तो भिंतीचा मुद्दा. अमेरिकी घरातली आतली भिंत म्हणजे लाकडी चौकटीच्या दोन बाजूंना अर्ध्या इंचाचे जिप्समचे तक्ते. पिस्तुलाची कोणतीही गंभीर गोळी अशा एकापेक्षा जास्त भिंती पार करते. पुढून पोकळ असलेली, आत शिरताच फुलणारी गोळी शरीरात थांबण्याची शक्यता वाढवते. तिचा पूर्वज कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात जन्मला, १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी आली, पण पोलीस आणि नागरिकांसाठी अमेरिकेत ती सर्रास वापरली जाते. भिंतीला लागली तर मात्र तिचं तोंड जिप्समच्या भुकटीने बुजतं आणि ती साध्या गोळीसारखी पुढच्या खोलीत जाते. त्यामुळे मुलं कोणत्या खोलीत झोपतात, हे काडतुसाच्या खोक्यावरच्या मजकुरापेक्षा आधी पाहायला हवं.

आता चाप. पॉलिमरबरोबर बाजारात रुळली ती स्ट्रायकर पद्धत, आणि लोक प्लास्टिकबद्दल जे बरंवाईट बोलतात ते बहुतेक वेळा या पद्धतीबद्दल असतं. जुन्या डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढताना बोटालाच हातोडा मागे न्यावा लागायचा. त्याला साधारण १० ते १२ पौंड जोर लागतो, ओढ लांब असते, आणि हातोडा उठताना दिसतो. स्ट्रायकर पद्धतीत आतली सुई स्लाइडच्या हालचालीनेच ताणून ठेवलेली असते, ग्लॉकमध्ये अर्धवट, काही पिस्तुलांत पूर्ण. बोटाला उरतं साडेपाच पौंडांच्या आसपासचं काम आणि सेंटीमीटरभरापेक्षा थोडी जास्त ओढ. बाजूला अंगठ्याची सेफ्टी बहुधा नसते. सेफ्टी असते ती चापाच्या मधल्या पट्टीत. म्हणजे चापावर बोट पडलं की ती उघडते, आणि बोट तीन वर्षांच्या मुलाचं आहे की मालकाचं, हे त्या पट्टीला कळत नाही. प्रशिक्षकांचा वर्ग म्हणतो की बोट चापापासून दूर ठेवणं हीच खरी सेफ्टी. खरं आहे, पण हे वाक्य दिवसाउजेडी, रेंजवर, शांत नाडीच्या माणसाबद्दल आहे. झोपेतून दचकून उठलेला माणूस एका हाताने दाराची कडी घट्ट धरतो तेव्हा दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळली जातात. मज्जासंस्थेची ही सवय प्रयोगांत मोजली गेली आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आपल्या ग्लॉकला वर्षानुवर्षं १२ पौंडांचा चाप लावून घेतला तो याच भीतीने. त्याची किंमतही त्यांनी मोजली, कारण जड चापाने नेम बिघडतो. शिवाय ग्लॉक साफ करायला उघडताना चाप ओढावाच लागतो, आणि नळीत काडतूस राहिलं असेल तर त्या क्षणी ते उडतं.

म्हणून घरच्या पिस्तुलाला अंगठ्याची सेफ्टी हवी, असं माझं मत. यावर ठरलेला आक्षेप असा की, घाबरलेला माणूस ती काढायला विसरेल. विसरू शकतो. पण अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये स्ट्रायकर पद्धतीचंच पॉलिमर पिस्तूल निवडलं तेव्हा त्याला अंगठ्याची सेफ्टी मागून घेतली, आणि लष्कराला भीती माहीत नाही असं कोणी म्हणणार नाही. त्याच वर्षी त्या पिस्तुलाच्या नागरी आवृत्तीत विशिष्ट कोनात पडल्यावर गोळी सुटण्याचा दोष चाचण्यांत दिसला आणि कंपनीने मोफत सुधारणा देऊ केली. नवं मॉडेल बाजारात आल्या आल्या घेऊ नये, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको. विसरण्यावर इलाज सराव आहे. दोन वाईटांत मी सेफ्टी विसरून गोळी न सुटण्याचं वाईट पत्करीन. तशी सेफ्टी असलेली पूर्ण आकाराची चांगली पॉलिमर पिस्तुलं, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मालिकेत, सहज मिळतात. दुकानदार ती शेवटी दाखवतो.

पेटीबद्दल दुकानात कोणी विचारत नाही, आणि इथे माझा सूर थोडा चढणार आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने मेलेल्या ४८,८३० लोकांपैकी निम्म्याहून अधिकांनी आत्महत्या केली होती. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६३ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळपास आठपट, आणि स्त्रियांत पस्तीसपट निघालं. शस्त्रप्रेमी मंडळी म्हणतात की मरायचंच ठरवलेले लोक बंदूक विकत घेतात, बंदूक त्यांना मारत नाही. खरेदीनंतरच्या पहिल्या दिवसांपुरतं हे काही अंशी लागू आहे. पण याच अभ्यासात निम्म्याहून जास्त मृत्यू खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झालेले होते. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ ला चार विद्यार्थी मारले गेले, ते हल्लेखोर मुलाच्या वडिलांनी चारच दिवस आधी घेतलेल्या ९ मिमीच्या पिस्तुलाने. २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईवडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. ते पिस्तूल कोणत्या कंपनीचं होतं यावर चर्चा रंगवणाऱ्यांना मी काय सांगावं?

पेटी उघडायला वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. चांगल्या पेटीचे आकडे हाताला पाठ असतील तर तो काही सेकंदांचा आहे, आणि घरात शिरलेला माणूस व आपण यांच्यात तेवढे सेकंद मिळवण्याचं काम दाराच्या भक्कम कुलपाचं. बोटाच्या ठशावर उघडणारी स्वस्त पेटी घेऊ नये. २०२३ मध्ये अशा सुमारे ६१ हजार पेट्या अमेरिकेत परत मागवल्या गेल्या, कारण ठसा नीट नोंदवला नसेल तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या, आणि त्यातून एका बारा वर्षांच्या मुलाचा जीव गेल्याचा दावा खटल्यात झाला होता. म्हणून माझा क्रम असा: आधी आकड्यांची पेटी, मग अंगठ्याची सेफ्टी असलेलं, काही वर्षं बाजारात टिकलेलं, पूर्ण आकाराचं ९ मिमी, आणि मग ते पॉलिमरचं आहे की पोलादाचं हे खिशाकडे पाहून. घरात कोणी नैराश्यात असेल तर यातलं काहीच नको.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी हा सगळा ऊहापोह जवळपास निरुपयोगी आहे, कारण भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे आणि परवाना मिळाला तरी सामान्य नागरिकाच्या वाट्याला हँडगन म्हणून बहुधा .३२ चंच शस्त्र येतं. अमेरिकेतल्या वाचकांनी मात्र दुकानात जाण्याआधी आपला पासपोर्ट उघडावा. एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायला मनाई आहे. वैध शिकारपरवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही यात येतं. ग्रीन कार्ड असलेल्याला हरकत नाही, पण सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील बी-२ वर असतात, त्यांना पेटीचा आकडा सांगू नये. ही मनाई मोडल्यास २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे, आणि दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढता येतं.