वॉरंटी संपल्यानंतरचा गेम कन्सोल

भारतात गेम कन्सोलची वॉरंटी साधारणपणे खरेदीपासून एक वर्षाची असते. त्या वर्षात बिघाड झाला तर कंपनी विनामूल्य दुरुस्ती करून देते किंवा दुसरा कन्सोल देते. वर्ष उलटले की कंपनीचे हे वचन संपते. सदोष माल विकल्याची जबाबदारी मात्र त्या वचनातून आलेली नसते, त्यामुळे ती वचनाबरोबर संपतही नाही. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यानुसार व्यापाऱ्याने विकलेला माल विकण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, ही अट बिलावर छापलेली नसली तरी गृहीत धरली जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही मालातला दोष ठरवताना वॉरंटीच्या मुदतीची अट घातलेली नाही. बदलतो तो पुराव्याचा भार. वॉरंटीत बिल आणि बिघाड दाखवला की बहुधा काम होते. मुदतीनंतर मात्र वस्तू मुळातच सदोष होती, हे ग्राहकाला सिद्ध करावे लागते.

म्हणून बंद पडलेल्या कन्सोलचे पुढे काय करायचे, हे त्याचा पहिला स्क्रू काढण्याआधी ठरवावे लागते. एकदा कन्सोल बाहेर उघडला गेला की दोष कारखान्यातला की कारागिराच्या हातचा, असा वाद कंपनीला सहज उभा करता येतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात बिघाडाचे कारण शोधताना आधी विजेकडे पाहावे. इचलकरंजीचे यंत्रमाग, शिरोलीची औद्योगिक वसाहत आणि गावोगावचे शेतीपंप याच तालुक्यात आहेत. मोठ्या मोटारी चालू-बंद होताना, तसेच गेलेली लाइट परत येताना दाब वरखाली होतो. एप्रिल-मे महिन्यांतला वळीव विजा घेऊन येतो. कन्सोलचा प्लग काढला तरी धोका पुरता टळत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. विजेचा झटका केबल टीव्हीच्या किंवा इंटरनेटच्या तारेतून टीव्हीत येतो आणि तिथून एचडीएमआय केबलने कन्सोलच्या बोर्डावर पोहोचतो. मग कन्सोल चालू होतो, दिवा लागतो, आवाज होतो, पण पडद्यावर चित्र येत नाही. अशा वेळी पोर्टमागची चित्रसंकेताची चिप जळालेली असू शकते. केबल ओढली जाऊन पोर्टच्या पिना वाकल्या तरी लक्षण हेच दिसते. ही दोन्ही नुकसाने बाहेरून आलेली आहेत. त्यांचा दोष कंपनीच्या माथी मारता येत नाही आणि तसा प्रयत्न करण्यात वेळही घालवू नये. चांगल्या कारागिराकडे हे काम नव्या कन्सोलच्या तुलनेत फार कमी खर्चात होते. पंचगंगेच्या पुरात भिजलेल्या कन्सोलचेही तसेच. तो चालू करून पाहण्याचा मोह टाळून तसाच कारागिराकडे न्यावा. पाण्यापेक्षा ओल्या बोर्डातून गेलेली वीज अधिक नुकसान करते.

घडणीतला दोष वेगळ्या रीतीने ओळखू येतो. तो जपून वापरणाऱ्याच्या घरीही येतो आणि एकाच मॉडेलमध्ये ठिकठिकाणी त्याच रूपात दिसतो. एक्सबॉक्स ३६० हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. २००६ च्या सप्टेंबरात तो भारतात विक्रीला आला. त्याच्या दर्शनी भागावर तीन लाल दिवे लागले की कन्सोल बंद पडल्याचे समजावे, ही खूण जगभर कुप्रसिद्ध झाली. चालू केल्यावर तापणे आणि बंद केल्यावर थंड होणे या फेऱ्यांत चिपचे सूक्ष्म सोल्डरजोड तडकत होते. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली, त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली आणि ज्यांनी आधी पैसे भरून दुरुस्ती करून घेतली होती त्यांना ते पैसे परत दिले. वॉरंटीनंतरच्या दुरुस्तीची पावती का जपून ठेवावी, हे यावरून कळते. त्या काळी बोर्ड हीट गनने तापवून कन्सोल पुन्हा चालू करून देणारे पुष्कळ होते. तडकलेला जोड त्याने तात्पुरता जुळे आणि काही दिवसांनी कन्सोल पुन्हा बंद पडे. आजही कोणी चिपला नुसती उष्णता देऊन दुरुस्तीचे पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉन कंट्रोलरची कथाही याच जातीची. हात न लावता पडद्यावरचे पात्र आपोआप सरकत राहते, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या आत घासला जाणारा संपर्कपट्टा झिजला की हे होते. युरोपात २०२३ पासून कंपनी ही दुरुस्ती वॉरंटीनंतरही विनामूल्य करते. आपल्याकडे आलेले स्विच बहुतेक खासगी आयातीचे असल्याने ग्राहकाला तो लाभ मिळत नाही. मात्र नवी स्टिक स्वस्त आहे आणि ती बसवणेही अवघड नाही.

बाहेरचा मार ठरला किंवा बिघाड किरकोळ असला, तर इचलकरंजी किंवा कोल्हापुरातला बोर्डावर काम करणारा कारागीर सोयीचा पडतो. त्याला काही गोष्टी आधीच विचाराव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंग करतो का? जुना भाग परत देतो का? कामाची लेखी हमी किती दिवसांची? प्लेस्टेशन ५ च्या मुख्य चिपवर उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवरूप धातू वापरलेला असतो आणि तो विद्युतवाहक आहे. त्याचा थेंब भलतीकडे गेला तर चांगला बोर्डही निकामी होतो, म्हणून नुसत्या सफाईसाठी तो भाग अननुभवी हातात देऊ नये. याच यंत्रात खेळ साठवणारी मेमरी बोर्डालाच जोडलेली असते. कंपनीने बोर्ड किंवा पूर्ण यंत्र बदलून दिले की आतले सारे जाते. त्यामुळे कन्सोल चालू होत असेल तर देण्याआधी बॅकअप घ्यावा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवताना अनुक्रमांकाचे आणि पॅकिंगचे फोटो काढावेत आणि खर्चाचा आकडा लेखी घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

घडणीतल्या दोषाची शक्यता दिसत असेल, तर मार्ग दुसरा. बिघाडाचा व्हिडिओ काढावा आणि अधिकृत केंद्राकडून तपासणीचा लेखी अहवाल घ्यावा. पहिला बिघाड वॉरंटीतच झाला होता आणि तोच पुन्हा आला, असे असेल तर जुना जॉबशीट हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ वाद तिथेच मिटू शकतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. १९८६ च्या कायद्यात कंपनीचे कार्यालय कुठे आहे याला महत्त्व होते. नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून हातकणंगल्याच्या माणसाला वीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात दाद मागता येते. या कायद्याने ग्रामीण ग्राहकाला दिलेली ही सर्वांत मोलाची सोय आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर तक्रार घरूनही दाखल होते.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. कंपनीशी ईमेल करत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, हे न कळल्यामुळे चांगल्या तक्रारी बाद होतात. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो. कायद्याने निकालासाठी तीन महिने आणि चाचणी लागल्यास पाच महिने ठरवले आहेत, पण प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. दोष सिद्ध झाल्यास आयोग दुरुस्ती, बदली, किंमत परत किंवा भरपाई यांपैकी योग्य तो आदेश देतो.

अडचण येते ती बिल नसलेल्यांची. आयात केलेला कन्सोल बिलाशिवाय विकणाऱ्या दुकानदारावर कंपनीची वॉरंटी नसली तरी विक्रेता म्हणून जबाबदारी येतेच आणि बिल न देणे ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे. तिथे पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद कामी येते. नातेवाइकांनी परदेशातून आणलेल्या कन्सोलवर इथे असा हक्क सांगता येत नाही. गेमिंग पार्लरसाठी घेतलेला कन्सोल व्यापारी वापराचा ठरतो, मात्र स्वतः चालवून त्यावरच पोट भरणारा मालक ग्राहकच मानला जातो.

दुरुस्तीपलीकडे गेलेला कन्सोल भंगारवाल्याला देण्याआधी आपल्या खात्यावरून त्याची नोंद रद्द करावी आणि साठवणीची डिस्क काढता येत असेल तर काढून घ्यावी. त्याचा पंखा, पॉवर सप्लाय आणि बाहेरचे आवरण कारागीर सुट्या भागांसाठी विकत घेतात. उरलेला बोर्ड ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा.